मदत हवी आहे: विहीर पुनर्भरणाच्या खड्ड्यात गाळ भरतो

पाऊस एकूण जवळपास पूर्वीइतकाच पडतो, पण चार-पाच दणक्यांत, आणि मधले आठवडे कोरडे. (हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, तेव्हा हे आता असंच चालायचं.) शेत १ हेक्टर. १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे ५० मिमीच्या एका सरीत ५ लाख लिटर. त्यातलं बरंचसं माती घेऊन ओढ्याला जातं आणि विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते.

समपातळी बांध, आच्छादन झालं. पुनर्भरणासाठी, म्हणजे पावसाचं पाणी गाळून विहिरीत उतरावं म्हणून, विहिरीपासून ३ मीटरवर २×२×२ मीटरचा खड्डाही केला: तळाला गोटे, मग खडी, वर वाळू. दुसऱ्याच मोठ्या पावसात वाळूवर बोटभर चिकण गाळाची साय धरली आणि पाणी वरून निघून गेलं. वाळू बदलली, पुन्हा तेच.

माती चिकण, खाली मुरूम, उतार बेताचा. शेततळ्याला जागा नाही. बोअर सुचवू नका, त्याने पाणी वाढत नाही, उपसा वाढतो. याच विहिरीचं पाणी चार घरं पितात, त्यामुळे फवारणी झालेल्या रानातलं पाणी थेट आत सोडायची भीती वाटते.

चिकणमातीचे बारीक कण बसायला तासन् तास लागतात. मग खड्ड्याआधी गाळटाकी बांधून उपयोग होईल का, की गवताचा पट्टा बरा? टाकीच असेल तर किती मोठी? आणि फवारणीनंतरचं पहिलं पाणी किती बाहेर काढून द्यावं?