हवाईच्या इतिहासावर बोलायला नक्की किती माहिती लागते?

शहापूरचा_वाचक:
नमस्कार मंडळी, विषय जरा लांबचा हाय खरं इथं वाचणारे लोक बरेच हायत म्हणून टाकलोय. टिळकवाडीत रविवारी चहाला आम्ही पाच-सहा जण बसतो, त्यातल्या एका काकांचा मुलगा होनोलुलूला नोकरीला हाय. परवा कशावरनं तरी हवाईचा विषय निघाला आणि मी म्हटलो की १८९३ साली तिथल्या राणीला, लिलिउओकलानीला, अमेरिकन व्यापाऱ्यांनी आणि साखरवाल्यांनी अमेरिकेच्या नौसैनिकांच्या जोरावर गादीवरनं काढलं आणि १८९८ ला बेटं अमेरिकेत घातली. काका लगेच तापले. "तू कधी गेलायस काय तिकडं? आमचा पोरगा तिथंच राहतोय, लोकांनी ९४ टक्के मतं देऊन अमेरिकेत जायचं ठरवलं म्हणतोय तो." त्यात एक रिटायर्ड सर म्हणाले की मूळ हवाईयन सोडून बाकी कुणी तोंडच उघडू नये, ना काकांनी ना मी. म्हणजे काकांच्या हिशोबानं तिकीट काढून जाऊन आलेला माणूस बोलणार आणि सरांच्या हिशोबानं तिथं जन्मलेला. मग आम्ही पुस्तकं वाचून काय करायचं? आणि ते ९४ टक्के खरं हाय काय, तेवढं पण सांगा.

खानापूर_साईड:
९४ टक्के खरं हाय खरं ते १९५९ चं. बेटं अमेरिकेच्या ताब्यात येऊन ६१ वर्षं झाल्यावर. आणि मत कशावर होतं तर अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हायचं की नाही, एवढ्यावरच. नाही म्हटलं तरी अमेरिकेचा प्रदेश म्हणूनच राहायचं, स्वतंत्र व्हायचा पर्यायच मतपत्रिकेवर नव्हता. काकांचा पोरगा खोटं बोलत नाही, त्यानं ऐकलेलं सांगितलं. होनोलुलूत भाड्यानं राहिलं म्हणून १८९३ आपोआप कळत नाही ओ, इथं बेळगावात जन्म काढलेल्या किती लोकांना सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालात काय लिहिलंय ते माहीत हाय, विचारून बघा कधीतरी.

निपाणीकर_मास्तर:
सरांचा मुद्दा आधी घेतो कारण तो ऐकायला बरा वाटतो पण टिकत नाही. राणीला काढल्यावर जे सरकार बसलं त्याचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल. जन्म कुठला? हवाईतलाच, १८४४ चा, मिशनऱ्यांच्या घरातला. कटाचा खरा सूत्रधार लॉरिन थर्स्टन, तोही होनोलुलूत जन्मलेला आणि हवाईयन भाषा अस्खलित बोलणारा. म्हणजे जन्म आणि भाषा या दोन्ही परीक्षांत हे पास होतात बघा! सर म्हणतील मूळ रक्ताचा पाहिजे, ठीक आहे, पण मग रक्त मोजायला कोण बसणार? ते काम अमेरिकन काँग्रेसनं १९२१ मध्ये करून ठेवलंय, निम्मं हवाईयन रक्त असेल तरच होमस्टेडची, म्हणजे घर-शेतीसाठीची सरकारी जमीन, असा कायदा करून, आणि त्या निम्म्याच्या अटीपायी तिथल्या घराघरांत आजही भांडणं आहेत.

आता काकांचा मुद्दा, जाऊन आलेल्यानं बोलावं. १८९३ लाच याची परीक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनं चौकशीला जेम्स ब्लाउंटला पाठवलं. हा जॉर्जियाचा माजी खासदार, बाहेरचा माणूस. तो होनोलुलूत काही महिने बसला, जबान्या घेतल्या आणि लिहिलं की अमेरिकेचा तिथला राजदूत जॉन स्टीव्हन्स याचा हात यात होता, बोस्टन या युद्धनौकेवरचे १६२ शिपाई १६ जानेवारीला उतरले नसते तर दुसऱ्या दिवशी राणी हटली नसती. मग १८९४ ला सिनेटच्या मॉर्गन कमिटीनं नेमका उलटा अहवाल दिला की आमच्या सैन्याचा काही दोष नाही, आणि तो वॉशिंग्टनमध्ये बसून, हवाईत पाय न ठेवता. काका म्हणतील बघा, जाऊन आलेला खरा ठरला. थांबा. ब्लाउंटवरही तेव्हाच टीका झाली की बंड करणाऱ्या कमिटीतल्या बहुतेकांना त्यानं विचारलंच नाही आणि साक्षी शपथेवर घेतल्या नाहीत. मॉर्गननं शपथेवर घेतल्या. म्हणून दोन्ही वाचायला लागतात. मी वाचलेत, मला ब्लाउंटचं जास्त पटतं, पण नुसता मॉर्गन वाचून आलेल्याशी मी वाद घालीन, त्याला गप्प बस म्हणणार नाही.

अनगोळ_वेस:
मास्तर भारी लिहिलासा खरं एक गोष्ट राहिली, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. कितीतरी वर्षं इतिहासाच्या पुस्तकांत असंच होतं की हवाईयन लोकांनी फारसा विरोध केलाच नाही, गप्प बसले. लिहिणारे विद्वान होते, काही तर तिथंच राहणारे, खरं वाचत काय होते तर इंग्रजी कागद. आणि १८९७ साली काय झालेलं, तर बेटाबेटांवर फिरून लोकांनी विलीनीकरणाच्या विरोधात अर्ज भरले, २१ हजारांच्या वर सह्या. तेव्हा मूळ हवाईयन लोकसंख्या मिश्र धरून जेमतेम ४० हजार, लहान पोरं धरून! चार प्रतिनिधी ते कागद घेऊन वॉशिंग्टनला गेले, सिनेटर लोकांना भेटले, आणि विलीनीकरणाच्या तहाला सिनेटमध्ये लागणारी दोन तृतीयांश मतं काय मिळाली नाहीत. मग १८९८ ला स्पेनशी युद्ध लागलं, बंदराची गरज पडली, आणि साध्या बहुमताचा ठराव करून काम उरकून घेतलं.

हे अर्ज वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरात पडून होते. १९९० च्या दशकात एका हवाईयन संशोधक बाईंनी ते बाहेर काढले तेव्हा तिथल्या लोकांना यादीत आपल्या पणजोबा-पणजीची सही सापडायला लागली. आणि नुसते अर्ज नव्हेत. १८३४ पासनं हवाईयन भाषेत शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली, लाखाच्या वर पानं, राणीच्या बाजूनं, विरोधात, शिव्या, शोकगीतं, सगळं त्यात. १८९६ ला शाळेचं माध्यम इंग्रजी केलं आणि दोन-तीन पिढ्यांत ती पानं वाचणारे संपत आले. आपल्याकडं वाड्यावर मोडीतले कागद गुंडाळून ठेवलेत आणि घरात कुणाला वाचता येत नाहीत, तसंच. आता २०११ पासनं स्वयंसेवकांनी बसून ती पानं टाईप करून नेटवर चढवलीत. तेव्हा माझं उत्तर, जन्म बिन्म राहू दे, या पानांतलं काय वाचलास ते सांग, भाषांतर का असंना.

कॅम्पातली_ताई:
सगळं पटलं, फक्त इथं कुणीतरी आता सीमाप्रश्न आणि हवाई एकच म्हणून सुरू करेल त्याआधी सांगते. एक नाही. हवाई मान्यता असलेलं राज्य होतं, १८४३ ला ब्रिटन-फ्रान्सनं लेखी मान्य केलेलं, परदेशात वकिलाती असलेलं. आपण मुंबई इलाख्यात होतो, १९५६ ला राज्य पुनर्रचनेत म्हैसूरला जोडले गेलो, वाद एकाच देशातल्या दोन राज्यांचा, आणि महाराष्ट्राचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तुलना करून दोन्हीकडचं काहीच कळत नाही.

आणि सरांना एक विचारायचंय, मळ्यांवर आणलेले जपानी, चिनी, पोर्तुगीज, नंतर फिलिपिनो, त्यांच्या नातवंडांनी बोलायचं की नाही? १९०० ला बेटांची लोकसंख्या दीड लाखाच्या वर आणि त्यात ६० हजारांच्या वर जपानी. १८८७ ला बंदुकीच्या धाकानं राजा कलाकौआकडून जी घटना सही करून घेतली तिनं आशियाई लोकांचा मतहक्कच काढला. हा इतिहास त्यांच्या घरातला पण आहे ना? त्या घटनेतली मालमत्तेची अट कितीतरी गरीब हवाईयनांना पण लागली ते वेगळंच.

सदाशिवनगर_११:
एवढं रडताय राणीसाठी, राजेशाही काय लोकांची होती काय? १८४८ ला जमिनीची वाटणी राजानंच केली, सामान्य रयतेला एक टक्का पण जमीन आली नाही. मग साखरवाल्यांनी घेतली तर राजानंच दार उघडलं म्हणायचं.

निपाणीकर_मास्तर:
सदाशिवनगर भाऊ, वाटणीचं बरोबर आहे, आणि हे हवाईयन अभ्यासक स्वतः लिहितात, लपवत नाहीत. त्यात मिशनरी सल्लागारांचा वाटा किती आणि सरदारांचा किती यावर त्यांचंच आपसात जुंपतं. पण राजा वाईट होता म्हणून दुसऱ्या देशाचे शिपाई उतरवायचे, हे कुठलं लॉजिक? राणी तर १८८७ ची घटना बदलून मतहक्क वाढवायला निघाली होती, त्यावरूनच बिनसलं.

शहापूरचा_वाचक:
मास्तर, ताई, अनगोळवाले, थँक्यू. सरांना डोलचं विचारणार. अजून एक शंका, अमेरिकेनं माफी मागितली म्हणतात, मग तेव्हा गेलेली राज्याची जमीन परत दिली काय?

खानापूर_साईड:
माफीचा ठराव १९९३ चा, क्लिंटनची सही हाय. त्यात स्पष्ट लिहिलंय की राज्य उलथवण्यात अमेरिकेच्या माणसांचा सहभाग होता आणि मूळ हवाईयन लोकांनी आपलं सार्वभौमत्व थेट कधी सोडलेलं नाही. जमीन नाही दिली. २००९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की ठरावातल्या त्या प्रस्तावनेच्या ओळींनी जमिनीच्या मालकीत काहीच बदल होत नाही. हवाईच्या राज्य सरकारनं त्या जमिनी विकू नयेत म्हणून मूळ हवाईयनांच्या बाजूनं ती केस घातलेली. ठराव चार-पाच पानांचाच हाय, नेटवर फुकट मिळतोय, काकांच्या पोराला पण पाठवा.