प्रशिक्षण पाळणाघरातच होऊ शकतं

बाहेरचे कोर्स परवडत नाहीत आणि सगळ्या ताई एकदम गेल्या तर मुलांकडे कोण बघणार, ही अडचण अगदी खरी आहे. आमच्याकडे म्हणून मुलं दुपारी झोपली की आळीपाळीने २० मिनिटं बसतो, आठवड्याला एकच विषय.

मागे घशात घास अडकण्याचा विषय घेतला. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, पाठीवर ५ थापट्या. मग उताणं करून छातीवर ५ दाब. पोट दाबायचं नाही. हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. बाहुली हातात दिली तर दोघींनी डोकं वरच धरलं! तेव्हापासून दर महिन्याला बाहुली बाहेर काढतोच.

प्रथमोपचाराचं मूळ प्रशिक्षण मात्र जाणकाराकडूनच घ्या, तिथे काटकसर नको. दोन-तीन पाळणाघरांनी मिळून प्रशिक्षक बोलावला तर खर्च वाटला जातो.

आणि कृपा करून शिकण्याच्या वेळेचा पगार द्या. दिवसभर मुलं सांभाळून थकलेल्या बाईला सुटीच्या दिवशी फुकट बोलावणं मला तरी पटत नाही.