बेरोजगारी 5 टक्के म्हणजे नुकसानही 5 टक्केच ना?

काथ्याकूट:
दर 5 टक्के असेल तर शंभरातले 95 जण कामावर आहेत. म्हणजे उत्पादन फार तर 5 टक्क्यांनी घटेल, आणि कामं मिळाली की तेही भरून निघेल. मग एकेका टक्क्यावरून एवढा गदारोळ कशासाठी? या हिशेबात काय सुटतंय?

छेदस्थान:
आधी बेरोजगारीच्या दराचा छेद बघा. त्यात सगळे प्रौढ नसतात, फक्त श्रमबल असतं: काम करणारे अधिक काम शोधणारे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार काम नसणं, ते शोधत असणं आणि मिळाल्यास करायला उपलब्ध असणं, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच माणूस बेरोजगार. आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं, तरी तो रोजगारातला.

1000 प्रौढांत 570 कामावर आणि 30 शोधात असतील, तर दर 30 भागिले 600, म्हणजे 5 टक्के. आता त्या 30 पैकी 10 जणांनी कंटाळून शोध सोडला. दर 20 भागिले 590, साधारण 3.4. नवं काम एकालाही मिळालेलं नाही, पण मथळा ‘बेरोजगारी घटली’ असाच येणार. म्हणून रोजगार-लोकसंख्या गुणोत्तर शेजारी ठेवून वाचावं. ते दोन्ही वेळा 57 टक्केच आहे.

तिरकी रेघ:
छेदाचं पटलं, पण मला कालावधी जास्त महत्त्वाचा वाटतो. शंभरांच्या श्रमबलात दरमहा वेगळे 5 जण महिनाभर रिकामे राहिले, तर वर्षात 60 जणांना थोडी थोडी झळ बसते. तेच 5 जण वर्षभर घरी बसले, तरीही दर 5 च.

महिनाभराची खोट बरीच घरं शिलकीवर निभावतात. लांबलं की घसरण साधारण ठरलेल्या वाटेनं जाते: शिल्लक संपते, विम्याचे हप्ते चुकतात, चढ्या व्याजाची उसनवारी सुरू होते, शेवटी वाहन किंवा हत्यारं विकली जातात. ही शेवटची विक्री सगळ्यात महागात पडते, कारण त्यासोबत कामाकडे परतायचं साधनच जातं. शिवाय कामातला खंड जितका मोठा, तितकी मुलाखतीची बोलावणी कमी. सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज पाठवून अमेरिकेत हे तपासलं गेलंय.

पैशापलीकडचं नुकसान समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा यांनी नीट मांडलंय. नोकरी पगारासोबत दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, सामायिक उद्दिष्ट, समाजातलं स्थान आणि नियमित हालचाल देते. ऑस्ट्रियातल्या मारियेनटाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांच्या गटाला दिसलं की लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं. ‘रिकामा आहे तर काहीतरी शिक की’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

चलनवलन:
आता अर्थव्यवस्थेकडे. एकाचं उत्पन्न बुडालं आणि त्यानं 60 एकक खर्च कमी केला. तो खर्च कुणाची तरी कमाई होती. तिथे पुन्हा 60 टक्के कपात धरली, तर पुढच्याचे 36, मग 21.6... बेरीज 150 वर जाते. 60 टक्के हे समजण्यापुरतं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात बचत, कर आणि आयातीमुळे साखळी लवकर तुटते, बेकारभत्ता असेल तर मुळातली कपातच लहान राहते. उलट, नोकरी शाबूत असलेलेही धास्तीनं हात आखडतात. ते दरात कुठेच दिसत नाही.

‘5 ला 5’ हे समीकरण अर्थतज्ज्ञ आर्थर ओकुन यांनी 1962 मध्येच मोडलं. अमेरिकेच्या आकड्यांवरून त्यांना बेरोजगारीच्या एका टक्क्यामागे उत्पादनात साधारण 3 टक्क्यांची तूट दिसली. नंतरचे अंदाज 2 च्या आसपास आहेत, आणि देशागणिक बदलतात. कारण मंदीत नोकरी टिकलेल्यांचेही तास घटतात, यंत्रं अर्ध्या क्षमतेनं चालतात आणि काही जण श्रमबलातूनच बाहेर पडतात.

काथ्याकूट:
साखळी कळली. पण मंदी सरली की हे सगळे परत येतातच ना?

तिरकी रेघ:
सगळे नाही. युरोपात दर चढला तो खाली यायला तयार नव्हता, त्यावर ब्लांशार आणि समर्स या अर्थतज्ज्ञांनी 1986 मध्ये लिहिलं: लांबलेली बेरोजगारी स्वतःच पुढची बेरोजगारी घडवते. कॅनडात मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा पगार सरासरीनं जवळपास 10 वर्षं मागे राहिला.

चलनवलन:
म्हणून मदत उशिरा पोचली की महाग पडते. 2009 मध्ये जर्मनीचं उत्पादन 5 टक्क्यांहून जास्त घसरलं, तरी बेरोजगारी जेमतेम हलली. एक मोठं कारण ‘कुर्त्सआर्बाइट’: कामगाराला काढायचं नाही, तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारनं भरायचा. मात्र हे तात्पुरत्या मंदीतच चालतं. धंदाच कालबाह्य झाला असेल, तर अशी योजना माणसांना बुडत्या जागी अडकवून ठेवते. तिथे तोच पैसा नवं कौशल्य शिकवण्यावर आणि स्थलांतराच्या खर्चावर घालावा लागतो.