मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीसाठी फणसाचं लाकूड चालेल का?

नमस्कार मंडळी,

जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोलीच्या आमच्या घरामागचा फणस आडवा झाला. आजीने लावलेला. जळणात घालायला कुणाचाच जीव होईना, म्हणून खोड वखारीत नेऊन दोन इंची फळ्या पाडून घेतल्या. तेव्हापासून मध्ये पट्ट्या घालून त्या पडवीत रचून ठेवल्यात. त्यातल्या दोन फळ्या सांधून स्ट्रॅटोकास्टरच्या (फेंडर कंपनीचं प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) आकाराची बॉडी करायची आहे. मेपलची तयार मान आणली आहे, चार स्क्रूंवर बसणारी.

अडचण वजनाची. १० x १० x ५ सेंमीचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर ३०५ ग्रॅम भरला. कागदी साच्यावरून मोजलं तर पिकअपच्या (तारांची थरथर पकडणारा भाग) खाचा कोरल्यावर बॉडी साधारण सव्वाचार लिटरची होते, म्हणजे २.६ किलो. गिटारसाठी नेहमी वापरतात त्या आल्डर लाकडाची बॉडी दोन किलोच्या आसपास असते. वर मान, ब्रिज (तारा बॉडीवर टेकतात तो भाग), मशीन हेड्स (तारा पिळायच्या खुंट्या). दोन तास उभं राहून वाजवायचं तर खांदा भरून येणार.

वखारवाले म्हणतात, शिवणीचं लाकूड घ्या, हलकं असतं आणि वाकत नाही. सागाचं मी मनातून काढून टाकलंय: जड, शिवाय तेलकट, सांधा धरायला त्रास. पिकअप तारांची थरथर चुंबकाने पकडतो, त्यामुळे आवाजासाठी लाकडावर फार अडून बसायचं नाही असं माझं मत आहे. मला काळजी आहे ती लाकूड स्थिर राहील का याची. दक्षिणेत मृदंग आणि वीणा फणसाच्या होतात हे माहीत आहे, पण इथे सहा तारांचा चाळीस-पंचेचाळीस किलोंचा ताण मानेच्या त्या चार स्क्रूंवर येणार. फणसात स्क्रू वर्षानुवर्षं घट्ट राहतात का?

दुसरं, वजन कमी करायला आतून पोकळ खण कोरून वर सहा मिलिमीटरची फणसाचीच फळी चिकटवली तर? मी पुण्यात राहतो. कोकणच्या दमट हवेतलं लाकूड इथल्या उन्हाळ्यात आणून किती महिने ठेवावं, म्हणजे नंतर सांधा उकलणार नाही?

आणि कडेचा फिकट भाग पूर्ण काढावा का? घरच्या जुन्या दारांत भुंग्याने तोच पोखरलाय, गाभा शाबूत आहे.

कुणी फणसाची किंवा शिवणीची बॉडी स्वतः केली असेल तर वजन आणि फोटो नक्की टाका. जमलं तर फणसच वापरायचा आहे.