वाचनालयाची देवघेव एक्सेलमधून डेटाबेसात न्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

कपाट_सात
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय 'ब' वर्गाचं आहे. मी तिथे देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि शेवटी 'कुणाकडे'. पुस्तक परत आलं की तो शेवटचा रकाना पुसायचा, ही माझ्या आधीपासूनची पद्धत. परवा अध्यक्षांनी विचारलं, वर्षभरात सगळ्यात जास्त कुठली पुस्तकं गेली? आता काय सांगणार!

डेटाबेसाला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल, तिचे व्हिडिओ पाहिले. जिथेतिथे तेच कर्मचारी आणि त्यांची खाती. पाहताना जॉइन (दोन टेबलं जोडणं) समजतो, आमच्या कपाटांना कसा लावायचा ते कळत नाही. सभासदाने घरून मोबाईलवर नाव टाकलं की पुस्तक आत आहे की बाहेर एवढं दिसावं, बाकी काही नको. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस शिकू, की पायथन ही भाषा? शिक्षण बी.कॉम., आणि प्रोग्रॅमिंग म्हणाल तर एक्सेलमधलं व्हीलुकअप (यादीत जुळणारी ओळ शोधणारं सूत्र).

फुकटचा_सल्ला
हे सगळं कशाला? कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरा. मुक्त आहे, फुकट आहे, जगभरातली ग्रंथालयं वापरतात. तयार पोळी असताना कणीक मळत बसू नका.

खतावणी
कोहा उत्तमच आहे, पण ते बसवायला लिनक्सचा सर्व्हर लागतो आणि सांभाळायला माणूस. शिवाय ताईंना शिकायचंही आहे. मी सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो, तेव्हा माझं बोलणं थोडं जमाखर्ची वाटेल.

ताई, पायथन की पीएचपी हे आठवडाभर राहू द्या. फुलस्केप कागद घ्या. सगळा घोळ त्या 'कुणाकडे' रकान्यात आहे. किंमत आणि प्रकाशक या पुस्तकाबद्दलच्या गोष्टी. अमक्या सभासदाने अमक्या तारखेला पुस्तक नेलं, हा व्यवहार झाला. व्यवहाराला स्वतःची ओळ लागते आणि ती कधी पुसायची नसते. परत आलं की त्याच ओळीत परतीची तारीख भरायची.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे एखाद्या गाजलेल्या कादंबरीच्या चार प्रती असतील, तर एक्सेलमध्ये तिचं नाव चार वेळा टाइप झालंय, बहुधा तीन प्रकारच्या शुद्धलेखनात. दाखल क्रमांक प्रतीला असतो. म्हणून चार टेबलं करा: पुस्तके, प्रती, सभासद, देवघेव. प्रतींच्या टेबलात दाखल क्रमांक आणि ती प्रत कुठल्या पुस्तकाची त्याचा क्रमांक. देवघेवीत दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. लेखकांचं वेगळं टेबल लागेलच, कारण अनुवादक आणि संपादकही असतात, पण ते दुसऱ्या महिन्यात.

आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉडने १९७० साली मांडला तो विचार एवढाच आहे. माहिती टेबलांत ठेवा आणि टेबलांची गाठ आत नोंदलेल्या मूल्यांनीच घाला. देवघेवीतला सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलातल्या क्रमांकाशी जुळवला की जॉइन झाला. व्हीलुकअप येतं ना, मग निम्मं काम झालंय. फरक असा की व्हीलुकअप पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबतं, जॉइन जुळतील तेवढ्या सगळ्या देतो.

मग पुस्तक बाहेर आहे का? ज्या देवघेवीच्या ओळीत परतीची तारीख रिकामी, ती प्रत बाहेर. 'बाहेर/आत' असा रकाना चुकूनही करू नका, एक दिवस तो आणि देवघेव दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. आणि एकच प्रत दोघांच्या नावावर चढू नये यासाठी देवघेवीतल्या दाखल क्रमांकावर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) लावा, मात्र फक्त परतीची तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरता. याला पार्शल इंडेक्स म्हणतात. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांत ती सोय आहे, मायएसक्यूएलमध्ये नाही.

म्हणून माझं मत: एसक्यूलाइट, पायथन आणि वेबपानांसाठी पायथनचं फ्लास्क. एसक्यूलाइटला सर्व्हर नको, सगळा डेटाबेस एका फाइलीत. एका वेळी एकच जण त्यात लिहू शकतो, तुमच्या टेबलावर तरी कुठे चार कारकून बसलेत? फक्त फॉरिन कीची, म्हणजे देवघेवीतला क्रमांक मूळ टेबलात खरंच आहे का याची, तपासणी त्यात मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीच्या वेळी ती चालू करावी लागते. नाहीतर नसलेल्या सभासदालाही पुस्तक बिनबोभाट देता येतं. पहिले काही दिवस वेबपान करूच नका. 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'मध्ये टेबलं करा आणि अध्यक्षांच्या प्रश्नाचं उत्तर काढता येतं का बघा.

कोहावाल्यांनाही एक सांगतो. त्यांची टेबलं उघडून पाहा: पुस्तकासाठी 'बिब्लिओ', प्रतीसाठी 'आयटम्स', चालू देवघेवीसाठी 'इश्यूज'. वाटणी तीच.

रफार
खतावणी यांनी पाया घातला, मी देवनागरीचे खड्डे दाखवतो.

एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकूर फाइलीत) जतन केलंत तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडा. जुनी यादी शिवाजीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोड करून घ्या.

'कऱ्हाड' दोन तऱ्हांनी टाइप होतं: थेट ऱ वापरून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना एकच, डेटाबेसाला दोन शब्द. युनिकोडची अक्षरं एकरूप करायची ठरीव रीत, नॉर्मलायझेशन, तीही हे जुळवत नाही. नोंद आत घेताना आणि शोधताना दोन्हीकडे स्वतःच एकरूप करा.

अंकांचंही तसंच. पायथन '२३' मुकाट्याने २३ धरतो. एसक्यूलाइटला त्याचं पूर्णांकात रूपांतर करायला सांगा, शून्य मिळेल.

अकारविल्ह्यातही एसक्यूलाइट ळ ला ल आणि व च्या मध्ये घालतो आणि क्ष ला क मध्ये. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या भाषावार क्रम लावणाऱ्या लायब्ररीची मराठी क्रमवारी मिळते. एवढ्यासाठी पोस्टग्रेस घ्यायला मी सांगणार नाही.

कपाट_सात
कागदावर चार टेबलं काढली. देवघेवीचं काढताना जुनी कार्डं आठवली, त्यावर हेच असायचं! दोन शंका. पुस्तक कुणाकडे आहे ते पानावर दाखवू का? सभासद आम्हाला विचारतातच. आणि न वाचली जाणारी पुस्तकं यातून काढता येतील का? निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं दप्तरातून कमी करण्याचा, विषय समितीपुढे आहे.

खतावणी
नाव अजिबात दाखवू नका. कोण काय वाचतं हे गावाला कळायचं कारण नाही. 'बाहेर आहे, अमक्या तारखेपर्यंत अपेक्षित' एवढं पुरे. शोधाच्या चौकटीत लोकांनी टाइप केलेलं थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवू नका. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि मूल्य वेगळं पाठवा, पायथन बाकीचं बघतो.

निर्लेखनाची यादी लेफ्ट जॉइनने निघते: सगळ्या प्रती घ्या, देवघेव जोडा, जिथे काहीच जुळलं नाही त्या न गेलेल्या प्रती. पण तुमची देवघेव आजपासून सुरू होणार आहे. दोन-तीन वर्षं जाईपर्यंत ती यादी समितीला देऊ नका, नाहीतर त्यात निम्मं वाचनालय निघेल.