बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला मोठं हॉस्पिटलच गाठायचं का?

वागळेची सून
सासूबाई ७१ वर्षांच्या. बीपी आणि शुगर, दोन्ही जुनंच. गोळ्या त्याच, डोस तोच. तरी दर महिन्याला त्यांना धरून एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं. केसपेपरची रांग, ओपीडीची रांग, औषधाच्या खिडकीची रांग. डॉक्टर कागद बघून 'चालू ठेवा' म्हणतात, झालं. माझा अर्ध्या दिवसाचा खाडा. शेजारच्या काकू म्हणतात, सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड काढ, त्यात गोळ्याही मिळतील. खरं का? आम्ही वागळे इस्टेटला राहतो.

निवृत्त सिस्टर
आधी कार्डाचं सांगते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्न बघत नाहीत. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. घरात असे दोघं असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. पण हे सगळं ॲडमिट झाल्यावर. महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. तरी काढून ठेवा, या वयात पाय घसरायला वेळ लागत नाही.

आता गोळ्यांचं. त्यासाठी मोठं हॉस्पिटल नकोच. २०१३ साली शहरी आरोग्य अभियान आलं ते याचसाठी: साधारण ५० हजार वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र. तुमच्या वस्तीला कुठलं केंद्र लागतं ते आशाताईंना विचारा. त्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, तंबाखू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, असं सगळं. लोक त्यांना दारातूनच 'आमच्याकडे कुणी आजारी नाही' म्हणून परत पाठवतात, हा आमचा नेहमीचा वैताग.

मी मोठ्या ओपीडीतही काढलीत वर्षं. सकाळच्या गर्दीत खरे आजारी कमी आणि 'गोळ्या संपल्या'वाले जास्त. त्या गर्दीत छातीत दुखणारा माणूससुद्धा नंबर लावून उभा असतो! म्हणून तुम्ही जवळच्या केंद्रात गेलात तर सोय तुमची आणि त्याचीही.

केंद्रांतून बीपी नीट सांभाळता येतं हे करून दाखवलेलं आहे. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, आपल्या राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे पहिले जिल्हे. युक्ती साधीच. औषधं मोजकी आणि आधी कुठलं, मग कुठलं हा क्रम ठरलेला, त्यामुळे साठ्याचा अंदाज चुकत नाही. गोळ्या एकदम ३० दिवसांच्या. आणि प्रत्येक पेशंटची नोंद केंद्रात, म्हणजे या महिन्यात कोण आलं नाही ते दिसतं आणि त्याला फोन जातो. मोठ्या ओपीडीत तुम्ही वर्षभर गेला नाहीत तरी कुणाला पत्ता लागत नाही.

घणसोलीकर
सिस्टर, कागदावर छान आहे. मी शिफ्टवाला. घरी येईपर्यंत आमच्याकडचं केंद्र बंद. शिवाय एकदा शुगरची गोळी संपलेली होती, बाहेरून घ्या म्हणाले.

निवृत्त सिस्टर
गोळी संपते, नाकारत नाही. म्हणून शेवटच्या पट्टीला आठवडा असतानाच जा, शेवटच्या गोळीची वाट बघू नका. नसेल तर कधी येणार ते विचारा, आणि तिथल्या मेडिकल ऑफिसरना सांगा. खिडकीवरच्या मुलावर ओरडून काही होत नाही, मागणी त्याच्या हातात नसते. वेळेचं म्हणाल तर १ मे २०२३ ला राज्यभर 'आपला दवाखाना' नावाचे सरकारी दवाखाने सुरू झाले ते दुपारी दोन ते रात्री दहा या वेळेसाठीच. जवळ आहे का आणि आजची वेळ काय, चौकशी करून जा.

वागळेची सून
धन्यवाद सिस्टर. पण सगळे कागद त्या हॉस्पिटलचे. इथले डॉक्टर नव्याने सगळ्या तपासण्या लावतील का? सासूबाईंना तर वाटतं लहान दवाखान्यातली गोळी 'हलकी' असते.

निवृत्त सिस्टर
जुना केसपेपर, शेवटचे रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. पट्टीवर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतं. तेच इथल्या पट्टीवर असेल तर गोळी तीच, हे सासूबाईंना तिथेच वाचून दाखवा. शुगर तपासतील बहुधा, ती तपासायलाच हवी. डोळे आणि पाय दाखवून किती दिवस झाले? तेही विचारून घ्या. किडनीचा त्रास किंवा इन्सुलिन असेल तर मात्र केंद्राचे डॉक्टर चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलकडे पाठवतील. ती चिठ्ठी जपून ठेवा. आणि पोचल्या पोचल्या बीपी मोजू देऊ नका. पाच मिनिटं बसवा, बोलू देऊ नका.

वागळेची सून
न बोलता पाच मिनिटं? आमच्या सासूबाई? बघते प्रयत्न करून.