पाचगणीला बदली झाली आहे, मुलांच्या शाळेचं काय करावं?

सोलापूरची_मीरा

नमस्कार. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे आणि जूनपासून पाचगणी शाखेत बदलीची ऑर्डर आली आहे. नवऱ्याची नोकरी पुण्यात, तो शनिवार-रविवारी येऊन जाईल. एरवी मी आणि दोन मुलं. मुलगी सातवीत जाईल, मुलगा दुसरीत. दोघंही सध्या सेमी-इंग्रजीत आहेत.

ऑफिसात सगळे म्हणतात, मुलांचं नशीब काढलं, तिथं शाळाच शाळा! पण जी वेबसाइट उघडावी तिथं वसतिगृह, घोडेस्वारी आणि लाखांतली फी. मला मुलांना वसतिगृहात ठेवायचंच नाही, मी स्वतः तिथं राहणार आहे. मग गावातल्या लोकांची मुलं कुठं जातात? निवासी शाळा रोज घरून येणारी मुलं घेतात का? मुलाला थोडा बाळदमा आहे, तिथला पाऊस त्याला झेपेल का? घर कोणत्या बाजूला बघावं? तिथं राहिलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

जुना_बोर्डर

मी पाचवी ते दहावी तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात होतो. डे स्कॉलर होते आमच्या वर्गात, थोडेच. अभ्यासाला कुठं काही कमी नाही. शिक्षक आवारातच राहत असल्यामुळे संध्याकाळी अडलेलं गणित त्यांच्या घरी जाऊन विचारता यायचं, हे सुख मला नंतर कुठं मिळालं नाही. फी झेपत असेल तर बिनधास्त घाला. गावाबद्दल मात्र मी फार सांगू शकणार नाही, आम्हाला रविवारी रांगेनं टेबल लँडच्या पठारावर नेत, तेवढंच गाव आम्ही पाहिलं.

खिंगरच्या_बाई

मीराताई, "गावातल्या लोकांची मुलं कुठं जातात" हे तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. बदलून येणारी मंडळी सहसा हे विचारत नाहीत. माझं सासर खिंगरचं, नोकरी याच भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. सविस्तर लिहिते.

आधी हे गाव शाळांचं का झालं ते. इंग्रजांना उन्हाळ्यापुरतं महाबळेश्वर होतं, पण पावसात तिथं राहायची सोय नव्हती. पाचगणी तिथून १९ किलोमीटर, पाऊस निम्म्याहून कमी. म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजानं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या जागेत बारमाही राहता येईल अशी वसाहत उभी केली. रस्त्याकडेचे सिल्व्हर ओक तेव्हाच्या लागवडीचे. बारा महिने राहता येतं म्हटल्यावर आधी गोऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, मग पारशी, मुसलमान, हिंदू संस्थांच्या. संजीवन विद्यालय १९२२ चं. डॉ. बिलिमोरियांचं क्षयरोग्यांसाठीचं बेल-एअर रुग्णालयही याच हवेपायी १९१२ साली सुरू झालं. थोडक्यात, इथल्या मोठ्या शाळा पहिल्यापासून बाहेरगावच्या मुलांसाठी. आमच्या गावांतली माणसं त्या फाटकातून आत गेली ती मेसमध्ये, लाँड्रीत, माळीकामाला, मेट्रन म्हणून. आजही मे महिन्यात बाजारातल्या शिंप्याकडे साधा परकर टाकला तर तो "शाळा सुरू झाल्यावर या" म्हणतो, कारण दुकानात छतापर्यंत ब्लेझरचे गठ्ठे असतात. या शाळांवर शेकडो घरं चालतात, हे मी मनापासून मानते. पण त्या घरांतली मुलं बहुतेक नगरपरिषदेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढं मराठी माध्यमाच्या हायस्कूलला जातात.

आता तुमचं. काही निवासी शाळा डे स्कॉलर घेतात. फी विचाराल तेव्हा आणखी एक विचारा: शाळा सुटल्यावर डे स्कॉलरचं काय? अशा शाळांचा खरा दिवस दुपारी चहानंतर सुरू होतो. खेळ, वाद्यं, नाटकाची तालीम, मग प्रेप, म्हणजे देखरेखीखालचा अभ्यास. आमच्या शेजारची मुलगी अशाच एका शाळेत होती, आवाज सुरेल. पण गाण्याचा सराव जेवणानंतर असे आणि तोवर तिला फाटकाबाहेर पडावं लागे. चार वर्षं तिनं स्नेहसंमेलन खुर्चीत बसून पाहिलं. पोरगी गुणी, शाळाही चांगली, पण वेळापत्रक वसतिगृहाच्या मुलांचं होतं आणि तिच्यासाठी ते कुणी हलवलं नाही. याची मला अजून चीड येते. काही ठिकाणी डे स्कॉलरला संध्याकाळपर्यंत थांबू देतात. ते तोंडी न ऐकता लिहून घ्या.

दुसरं, बोर्ड. तुमची बदलीची नोकरी. समजा तीन वर्षांत पुन्हा ऑर्डर आली, तर मुलगी ऐन दहावीच्या तोंडावर असेल. इथल्या काही निवासी शाळा आयसीएसई बोर्डाच्या आहेत, त्यात सहावीपासूनच भौतिक, रसायन, जीवशास्त्र वेगवेगळं शिकवतात. सातवीत मध्येच शिरणाऱ्या मुलाला एक वर्ष नुसतं धापा टाकत जातं. त्या बोर्डात नोंदणी नववीत होते, त्यानंतर बदल जवळजवळ अशक्य. दहावीपर्यंत इथंच राहायची खात्री असेल तरच तिला तिकडं घाला. नाहीतर सेमी-इंग्रजी आणि राज्य मंडळच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठीची काळजी मात्र कुठंही नको, २०२० च्या कायद्यानं ती सगळ्याच बोर्डांच्या शाळांना शिकवावी लागते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांचं कुणी सुचवेल. तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गाला असतो आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, त्यामुळे तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

धाकट्याला मी तरी गावातल्या मराठी शाळेतच घालीन. तिथं वर्गात कोण असतं सांगते. टेबल लँडवर घोडे फिरवणाऱ्यांची मुलं, हॉटेलातल्या आचाऱ्यांची, दूर गावाहून मजुरीला आलेल्यांची आणि स्ट्रॉबेरीवाल्यांची. पाऊस सरला की गादीवाफे तयार करून, मल्चिंग पेपर अंथरून रोपं लावतात आणि थंडीत तोडा सुरू होतो. फळ उन्हानं मऊ व्हायच्या आत तोडायचं, त्यामुळे पहाटे घरचे सगळे शेतात. माझ्या वर्गात त्या दिवसांत पहिल्या तासाला निम्मी पोरं पेंगत असायची, बोटांची टोकं लाल. मी पहिल्या तासाला गणित घेणं सोडलं आणि पेट्यांचाच हिशेब फळ्यावर मांडायला लागले: एका पनेटमध्ये (फळांच्या छोट्या डबीत) किती, एका पेटीत किती पनेट, गाडीभाडं वजा जाता हातात काय. वर्गपाटी कोरी ठेवणारा मुलगा उठून माझी चूक काढायचा, कारण वाशीच्या बाजारातला आदल्या दिवशीचा भाव त्याला पाठ असायचा. तुमचा मुलगा अशा पोरांत वाढला तर त्याचं गणितही पक्कं होईल आणि त्याला गावही मिळेल. शाळा बघायला जाल तेव्हा मात्र दोन वर्ग एका शिक्षकाकडे आहेत का, ते जरूर विचारा. पट कमी असला की तसं होतं, आणि दुसरीच्या मुलाचं त्यात नुकसान होतं.

वाचायला भिलार आहे, इथून जवळच. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत, ओसरीवर कपाटं आहेत, जाऊन बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. पर्यटक फोटो काढून जातात. तुम्ही इथं राहणार आहात, तर मुलांना आडवारी दुपारी न्या.

पावसाचं सांगते. थंडीपेक्षा दम्याला ओल वाईट. जून ते सप्टेंबर धुकं थेट खोलीत येतं, गादी दमट, कपाटातल्या चपलांवर बुरशी. घर बघताना रंगावर जाऊ नका. पलंग ओढा आणि पश्चिमेच्या भिंतीला खालून हात लावून बघा. सकाळचं ऊन आत येईल असं घर घ्या, बंद पडून असलेला बंगला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आणि मुलाच्या डॉक्टरांना पावसाळ्याआधीच विचारून औषधं घरात ठेवा.

पसरणी_घाट

बाईंशी सहमत. घराबद्दल थोडी भर घालतो. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, नव्या बांधकामावर बंधनं आहेत. त्यात आहेत ती घरं मालक पर्यटकांना दिवसावर देतात. अकरा महिन्यांच्या कराराला तयार होणारा मालक शोधावा लागतो, आणि तोही मे महिना मोकळा ठेवा म्हणतो. करारात ते स्पष्ट करून घ्या. मी या भानगडीपायी वाईला राहतो आणि रोज वर जातो. मधला पसरणीचा घाट तसा छोटा, पण पावसात धुक्यामुळे आणि सुट्ट्यांत गाड्यांमुळे वेळेचा भरवसा नाही. दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत दांडेघर नाक्यापाशी तासभर सहज जातो.

मुलीसाठी वाईचाही विचार करा. द्रविड हायस्कूल जुनं आणि चांगलं आहे, आणि अकरावी-बारावीला वरची बरीच मुलं खाली वाईलाच येतात.

सोलापूरची_मीरा

बाई, तुम्ही इतकं लिहिलंत, काय म्हणू! रात्री नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलाचं ठरलं, गावातली मराठी शाळा. मुलीचं वाई की पाचगणी यात अडकलो आहोत. सातवीची मुलगी एकटी एसटीनं घाट उतरेल का, ही माझी धास्ती. आणि गाण्याचं वाचून पोटात तुटलं, कारण आमचीही गाते.

खिंगरच्या_बाई

एकटी नसते हो ती. सकाळच्या एसटीत गणवेशातल्या मुलीच मुली असतात आणि कंडक्टर त्यांना नावानं ओळखतात. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे. शाळेचा दाखला आणि फोटो घेऊन आगारात जायचं, शाळाच बहुधा यादी पाठवते. पण पहिलं वर्ष तिला पाचगणीतच ठेवा. नवं गाव, नवा पाऊस, त्यात तुम्ही दिवसभर बँकेत. भाऊ लहान आहे, शाळा सुटल्यावर दोघं एका वेळी घरी आलेली बरी. आठवीला वाटलं तर वाई.

गाण्याचं म्हणाल तर आमच्या गावच्या भजनी मंडळात बायकांचा दिवस वेगळा असतो, पेटीवाले काका मुलींना सूर लावून देतात, फी वगैरे काही नाही. जूनमध्ये सामान लागलं की तिला घेऊन या. येताना मुलांना रेनकोटपेक्षा गमबूट आधी घ्या, आणि शाळेच्या बुटांचे दोन जोड. एक जोड रात्रभर वर्तमानपत्र कोंबून चुलीजवळ ठेवला तरी सकाळी ओलाच असतो.

सोलापूरची_मीरा

दोन जोड, लिहून घेतलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरं बघायला येते आहे. पसरणी_घाट, अकरा महिन्यांचा करार करणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाई, तुम्हालाही व्यनि करते, शाळा बघायला तुम्ही बरोबर आलात तर हवंच आहे.